सुतकातला झेंडा

सातारा,
१० ऑगस्ट २०२५

चि. छोटी हिस,


एप्रिलमध्ये तू फोनवर विचारलेल्या प्रश्नाला मी ऑगस्टमध्ये उत्तर देते आहे. तेव्हा "जेवलीस का, बाळाचा ताप उतरला का" असं काहीबाही विचारून वेळ मारून नेली होती. इतकी वर्षं मुलींना इतिहास शिकवला, पण घरातल्या इतिहासावर प्रश्न आला की माझी जीभ अजून टाळूला चिकटते. परवा तुझ्या बाबाचा फोन आला. म्हणाला, स्वातंत्र्यदिन जवळ आला तशी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा यादी फिरायला लागली आहे, कोणाच्या बाल्कनीत झेंडा लागला आणि कोणाच्या नाही. आणि तू ग्रुपमधून बाहेर पडलीस. मग म्हटलं, आता बसायलाच हवं. पत्र तुला लिहिते आहे, पण तुझ्या बिल्डिंगमधल्या आणखी कोणी वाचलं तरी माझी ना नाही.

एप्रिलमधलं तू सांगितलेलं मला असं आठवतं. २२ तारखेला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. सुट्टीला गेलेली साधी माणसं. त्या सव्वीस जणांतच तिथला एक घोडेवालाही होता. दुसऱ्या दिवशी तुमच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला: उद्या संध्याकाळपर्यंत प्रत्येक बाल्कनीत तिरंगा दिसला पाहिजे.

सगळ्यांत आधी, त्याच रात्री, झेंडा लागला तो तळमजल्यावर. ते आजोबा मिरजेचे, तंबोऱ्याचे भोपळे घासण्यात हयात गेलेले. बिल्डिंगमधला सगळ्यांत मोठा झेंडा त्यांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हवालदारांनी झेंडा लावलाच नाही, आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही. तूही लावला नाहीस. तू दोन दिवस बातम्या बघत रडत होतीस, त्यात बाळ तापलेलं. तुला मात्र जिन्यात विचारलं गेलं, "ताई, तुमच्या बाल्कनीत दिसत नाही, काही प्रॉब्लेम आहे का?"

तू मला म्हणालीस, "आत्या, झेंडा लावला नाही म्हणजे मला दुःख झालं नाही, असं यांनी कसं ठरवलं?"

छोटे, या प्रश्नाचं उत्तर तुझ्या आजोबांवरून, आप्पांवरून जातं. म्हणून इतके दिवस लागले.

तुला आप्पा आठवायचे नाहीत, तू लहान होतीस. तुझ्या बाबाने त्यांची एक गोष्ट तुला शंभर वेळा सांगितली असेल, वडूजची. तीच इथे पुन्हा सांगते, कारण तिची दुसरी बाजू तुझ्या बाबालाही पुरती माहीत नाही.

तेव्हा सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे नव्हते. तुझी तासगाव-वाळव्याची बाजू आणि आमची खटाव-माणची बाजू, सगळा एकच सातारा जिल्हा होता. या मुलखात झेंडा लावणं हा गुन्हा होता आणि लोकांनी तो हौसेने केला. १९३० साली जंगल सत्याग्रहात शिराळ्याकडच्या बिळाशीत लोकांनी सागाच्या सोटावर झेंडा चढवला आणि तो उतरवायला पोलीस आले तेव्हा बायका पुढे झाल्या. गंमत बघ, तो झेंडा आजचा नव्हे. त्याचे रंग पांढरा, हिरवा, लाल आणि मध्ये चरखा. भगवा वर आला तो १९३१ मध्ये, आणि चरख्याच्या जागी चक्र आलं ते २२ जुलै १९४७ ला. १९३२ साली देवराष्ट्रे गावच्या एका शाळकरी पोराला झेंडा लावला म्हणून १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे तो पोरगा महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. होय, यशवंतराव.

मग १९४२. सप्टेंबरच्या ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, झेंडा लागला आणि मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवर गावोगावचे लोक निघाले. त्यात वीस-एकवीस वर्षांचे आप्पा होते. पुढे वडगावचे परशुराम घार्गे होते, हातात झेंडा घेऊन. वडूजला तासगावसारखं झालं नाही. गोळीबार झाला. घार्गे पडले, त्या दिवशीचे हुतात्मे नऊ. आप्पा म्हणायचे, आवाज पहिल्यांदा फटाक्यासारखा वाटला, मग शेजारचा माणूस बसला आणि उठलाच नाही. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला असाच मोर्चा, असाच गोळीबार, आणि किर्लोस्करवाडीचे पंड्या त्यात गेले.

एवढं सगळं ज्या माणसाने डोळ्यांनी बघितलं, त्याने १५ ऑगस्टला शाळेत पुढच्या खुर्चीवर बसायला हवं ना? आप्पा दर वर्षी झेंडावंदनाला जायचे. धोतर नीळ घातलेलं, टोपी कडक. पण उभे राहायचे पार मागे, लिंबाच्या झाडाखाली, म्हशी घेऊन जाता जाता थांबलेल्या माणसांत. हेडमास्तर बोलवायला यायचे. आप्पा हात जोडायचे आणि तिथेच थांबायचे. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले. गावातल्या लोकांनी आप्पांना अर्जाचा कागद आणून दिला. तो कित्येक वर्षं पंचांगात घडी घालून पडला होता. मी एकदा भरून द्यायला निघाले तर माझ्या हातातून काढून घेतला. आम्हाला वाटायचं, माणूस भिडस्त आहे.

कारण कळलं ते १९९३ च्या जानेवारीत. मुंबईत माणसं माणसांची घरं जाळत होती आणि आमच्या रेडिओवर बातम्या चालू होत्या. आप्पांनी रेडिओ बंद केला आणि मला, एकटीला, त्यांनी सांगितलं.

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. देशभर झेंडे अर्ध्यावर उतरले, तेरा दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. मारेकरी गोडसे ब्राह्मण, एवढं कळायचा अवकाश, आपल्या मुलखात ब्राह्मणांचे वाडे पेटायला लागले. साताऱ्यात, कऱ्हाडकडे, माणदेशात. सांगली तेव्हा अजून पटवर्धनांचं संस्थान होतं, तिथेही. किर्लोस्करवाडीचा कारखानासुद्धा सुटला नाही, जिथले पंड्या पाच-सहा वर्षांपूर्वी झेंड्यापायी गेले होते. कोल्हापुरात भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळला. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' लिहिली ती याच दिवसांवर. तू वाचली नसशील तर वाच.

आपल्या गावात एकच मोठा वाडा होता, कुलकर्ण्यांचा. आप्पा अक्षर शिकले ते त्यांच्या ओसरीवर. शुक्रवारी रात्री बातमी आल्यावर म्हाताऱ्या कुलकर्ण्यांनी ओसरीत गांधीजींचा फोटो लावला, हार घातला, समई लावून बसले. दोन दिवसांनी सकाळी जमाव आला. बाहेरगावचे बरेच, आपल्या गावचेही काही. फोटो बघून एकजण ओरडला, "आज लावलाय व्हय? आदी का न्हवता?"

आप्पांनी हे वाक्य मला सांगितलं आणि बराच वेळ गप्प बसले. म्हातारा रडत होता म्हणे. ते रडणं गांधींसाठी होतं की भीतीचं, हे जमावाने ठरवायचं होतं, आणि जमावाने ठरवलं. माणसांना बाहेर काढलं, कोणाच्या अंगाला हात लावला नाही. वाडा पेटवला. फोटोही आतच राहिला.

"तुम्ही कुठं होता?" मी विचारलं.

"आडापाशी," आप्पा म्हणाले. "हातात पोहरा होता. मी पाणी शेंदलं न्हाई."

बस. एवढंच. वडूजला गोळ्यांपुढे गेलेला माणूस पाच-सहा वर्षांनी आडापाशी रिकामा पोहरा घेऊन उभा राहिला. कुलकर्णी मंडळी पुण्याला गेली, परतली नाहीत. त्यांचं शेत आपण करत होतो, ते पुढे कूळकायद्याने आपल्या नावावर झालं. कागदोपत्री सगळं रीतसर. त्या शेताच्या उसावर तुझ्या बाबाचं शिक्षण झालं, माझं डी. एड. झालं. आप्पा मात्र शेवटपर्यंत त्याला 'कुलकर्ण्यांचं शेत'च म्हणाले. आम्ही भावंडं हसायचो, म्हातारपणाची सवय म्हणून.

आता तुला कळलं असेल, आप्पा लिंबाखाली का उभे राहायचे. झेंड्याबद्दल त्यांना आदर नव्हता असं कोणाला म्हणवेल? ज्यांनी त्यांना मागे उभं बघितलं, त्यांतल्या एकालाही खरं कारण ठाऊक नव्हतं. सगळे अंदाज चुकीचे होते, माझासुद्धा. म्हणून कोण कुठे उभं राहिलं, कोणाच्या घरावर काय लागलं, यावरून मनातलं वाचायला गेलं की मला धास्ती वाटते.

आता आपल्याकडच्या सुतकाचं बघ. कोणाच्या घरी माणूस गेलं की काय होतं? चार जण बांबू-सुतळी आणायला पळतात, कोणी मडकं बघतो, कोणी लाकडाची सोय करतो. एक बाई मोठ्याने रडते, एक भिंतीला टेकून गप्प बसते. एक मेहुणा असतो, तो मांडवाखाली बसून उसाच्या दराबद्दल बोलतो. शेजारीण चूल पेटू देत नाही, कडू घास घेऊन येते, पिठलं-भाकरी. तो मेहुणा उसाचं का बोलला, ही बाई का रडली नाही, याची यादी कोणी करत नाही. कोणी केलीच तर म्हातारी माणसं त्याला दटावतात. आपण काही फार थोर म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मरणं बघून एवढं शहाणपण आलेलं आहे, की दुःख प्रत्येकाच्या अंगातून वेगळ्या वाटेने बाहेर पडतं आणि त्याचा पुरावा मागायचा नसतो.

सरकारही 'राष्ट्रीय दुखवटा' म्हणतं. शब्द तोच आहे. मग देशाच्या सुतकाला घरच्या सुतकाची रीत का नको?

आणि हे मी तुमच्या सेक्रेटरींनाही लावते, बरं का. तू त्यांच्यावर फार चिडली आहेस. पण मला ते तिरडीच्या बांबूला पळणाऱ्या माणसासारखे वाटतात. दोन दिवस टीव्हीवर ती बायकामुलं बघितली, हाताला काहीतरी काम हवं होतं, तेव्हा झेंड्यांची मोठी ऑर्डर दिली. त्यांचं दुःखही खरं असणार. त्यांच्या झेंड्याला नावं ठेवशील तर तूही यादीच करते आहेस, फक्त उलट्या बाजूने. त्यांचं चुकलं ते एवढंच, की बांबू आणणाऱ्याने भिंतीला टेकून बसलेल्या बाईला "तुम्ही का नाही आला" असं विचारलं.

हवालदारांना का नाही विचारलं, याचं उत्तर मात्र साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला सहज देता येतं.

आमच्या जिल्ह्यात झेंडा दोन वाटांनी येतो. एक शाळेच्या खांबावर, दोरीच्या ओढगाठीत फुलांच्या पाकळ्या घालून. आणि दुसरा लष्कराच्या गाडीतून, पेटीवर. अपशिंग्याचं नाव तू ऐकलं असशील, 'मिलिटरी अपशिंगे'. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मेले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. ते मेले तेव्हा तिरंगा नव्हताच. वर युनियन जॅक होता, साहेबाचा. झेंडा बदलला, पण त्या ४६ आयांचं काही वेगळं झालं नसणार. मेढ्याकडच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे तर पोलीस खात्यातले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या पोटात घेतल्या. पुढच्या २६ जानेवारीला त्यांना अशोकचक्र मिळालं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पोगरवाडीला कर्नल संतोष महाडिक असेच पेटीतून आले, कुपवाड्याहून. दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. एकाच वस्तूशी नातं किती तऱ्हांचं असू शकतं, बघ. एखादी ती वर्दी स्वतःच्या अंगावर चढवते. एखादी दुसरंच काही करते.

तसं 'दुसरं' केलेली एक बाई मला माहीत आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचा भाऊ असाच आला होता. तू कधी बघितलं नाहीस म्हणून सांगते. पेटीवर झेंडा घालतात तेव्हा केशरी पट्टी डोक्याकडे असते. हवेत गोळ्या झाडून मानवंदना होते, बिगुल वाजतो. पण झेंडा चितेवर जाऊ देत नाहीत, नियमच आहे तसा. आधी तो उचलतात, घडी घालतात आणि घरच्यांच्या हातात देतात. दहाव्यानंतर मी भेटायला गेले. अंगणात गर्दीच्या चपलांनी तुडवलेली रांगोळी अजून दिसत होती. त्याची आई मला आत घेऊन गेली, ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांच्या वासात, ती घडी होती. मी चुकून म्हणाले, "हा झेंडा काचेच्या पेटीत लावा की बाहेरच्या खोलीत, लोक बघतील."

ती म्हणाली, "झेंडा न्हवं बाई त्यो. पांघरूण हाय माझ्या लेकराचं."

गावात दर १५ ऑगस्टला तिला पहिला मान असतो. ती जात नाही. तिच्या दारावर झेंडा नसतो. सगळं गाव गप्प असतं, कारण ट्रंकेतलं सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या हवालदारांच्या ट्रंकेत काय आहे हे मला माहीत नाही, पण असेल काहीतरी म्हणून लोकांनी त्यांना सोडलं, आणि ते बरोबरच केलं. माझं म्हणणं एवढंच, की ट्रंक प्रत्येकाकडे असते. तुझ्याकडे, सेक्रेटरींकडे, आप्पांकडे तर होतीच.

कायद्याचंही एक सांगते, तू वकिलाची मुलगी आहेस. आप्पांच्या काळात तुझ्या-माझ्यासारख्याला वर्षभर घरावर झेंडा लावायची मुभाच नव्हती. ठरावीक दिवस सोडले तर तो सरकारी इमारतींचा. ती मुभा आली २६ जानेवारी २००२ च्या ध्वजसंहितेने. नवीन जिंदाल यांच्या खटल्यात २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मानाने झेंडा लावणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीचा हक्क आहे. २०२२ मध्ये रात्रीही घरावर ठेवायला परवानगी मिळाली. आता जो हक्क आहे, तो बजावायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. नाहीतर त्याला हक्क कशाला म्हणायचं? त्याआधी, १९८६ साली, केरळातल्या तीन मुलांचा खटला झाला होता. त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत म्हणत नसत, पण आदराने उभी राहत. शाळेने काढून टाकलं होतं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं, गप्प उभं राहणं हा अपमान नव्हे म्हणून.

असा घोळ काही आपल्याकडेच नाही. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत दुकानांतले झेंडे संपले होते. न्यूयॉर्कमध्ये कॅथा पॉलिट नावाच्या लेखिका राहतात. त्यांची तेरा वर्षांची मुलगी पडलेल्या मनोऱ्यांच्या अगदी जवळच्या शाळेत शिकत होती. तिला खिडकीत झेंडा लावायचा होता, आईला नको होता. आईला त्यात सूड आणि युद्ध दिसत होतं, मुलीला माणसांची एकजूट. शेवटी आईने सांगितलं, स्वतःच्या पैशाने आण आणि तुझ्या खोलीच्या खिडकीला लाव, दिवाणखान्यात नाही. पॉलिटबाईंनी हे स्वतःच लिहिलं आणि त्यावर खूप शिव्या खाल्ल्या. मला त्यांतलं कोण बरोबर हे ठरवायचं नाही. एका घरात दोन खिडक्या दोन तऱ्हेच्या राहिल्या आणि मायलेकी रात्री एकाच टेबलावर जेवल्या असतील, एवढं मला पुरे वाटतं.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही गं. २०२२ च्या ६ फेब्रुवारीला लताबाई गेल्या. दोन दिवस देशभर झेंडे अर्ध्यावर होते. तू सांगलीहून फोन करून रडलीस. बाईंचं लहानपण तुमच्या सांगलीत गेलेलं, म्हणून तुम्हा सांगलीकरांना ते घरचंच मरण. त्या दिवशी कोणी भजन लावलं, कोणी जुन्या काळातलं काही लावलं, कोणी रेडिओच बंद ठेवला. "तुम्ही कोणतं गाणं लावलं" असं कोणी कोणाला जिन्यात विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी मी फिरायला गेले होते. कलेक्टर कचेरीसमोर थांबले. पोलिसाने झेंडा थेट अर्ध्यावर बांधला नाही. आधी पार टोकापर्यंत नेला, क्षणभर तिथे ठेवला, आणि मग हळूहळू खाली आणला. तशीच पद्धत आहे. संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा टोकापर्यंत न्यायचा आणि मगच खाली घ्यायचा. शाळेत इतकी वर्षं झेंडा बांधला, पण दुखवट्याचा झेंडा बांधताना मी प्रथमच जवळून बघितला.

आणि २०१९ चा ऑगस्ट तर तू स्वतः भोगला आहेस. गावभागातल्या जुन्या घरात छातीएवढं पाणी, ब्रह्मनाळला ८ तारखेला नाव उलटून माणसं बुडाली, आयर्विन पुलाकडे बघवत नव्हतं. तुम्ही मिरजेत राहिलात, तिथल्या ज्या मोहल्ल्यातून तुम्हाला दोन वेळचा डबा येत होता, तो आठवतो ना? तो कडू घासच होता. त्या १५ ऑगस्टला तुझ्या शाळेच्या चिखलात झेंडावंदन झालं. कोणाच्या अंगावर इस्त्रीचे कपडे नव्हते, निम्मे लोक आलेच नव्हते, घरातला गाळ काढत होते. न आलेल्यांची यादी कोणी केली नाही.

म्हणून आता मला सारखी काळजी वाटते ती तुझी नाही, तळमजल्यावरच्या आजोबांची. तू त्यांच्या झेंड्याबद्दल फोनवर म्हणालीस, "त्यांनी भीतीने लावला, आत्या." मी लगेच हो म्हणणार होते. मग कुलकर्ण्यांच्या ओसरीवरचा तो फोटो आठवला. "आज लावलाय व्हय?" तू आणि तो ओरडणारा माणूस दोघंही एकच गोष्ट करता आहात, छोटे, तू कणवेने आणि तो रागाने, पण दोघंही समोरच्या म्हाताऱ्याच्या मनात काय आहे हे त्याला न विचारता ठरवता आहात. भीती असेल. दुःखही असेल. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यासाठी भोपळे घासले, त्याला मेलेल्या माणसांचं वाईट वाटलं नसेल का? दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं असू शकतं.

तू तीन महिन्यांत त्यांच्याकडे गेलीस का? मला वाटतं नाही. तुला लाज वाटली असेल, काय बोलावं कळलं नसेल. आप्पांनाही कळलं नव्हतं. आडापासून वाडा वीस पावलं होता. ते मला नेहमी म्हणायचे, विस्तव विझला नसता एका पोहऱ्याने; पण म्हाताऱ्याने बघितलं असतं.

या पत्राबरोबर एक पुडकं पाठवते आहे. त्यात आमच्या शाळेने मला निवृत्तीच्या वेळी दिलेला खादीचा झेंडा आहे. धुवून, सावलीत वाळवून ठेवला आहे. वाटलं तर लाव, नाही वाटलं तर कपाटात ठेव, मला फोन करून सांगायचं कारण नाही. लावलास तर केशरी वर आहे ना ते बघ आणि पावसात भिजून चिंध्या होऊ देऊ नकोस. १६ तारखेला गटारीकडेला कागदी झेंडे पडलेले दिसले तर उचल. ते काम मी वर्षानुवर्षं पोरींकडून करून घेतलं, ते मात्र हक्काबिक्कात बसत नाही, ते करायचंच.

पुडक्यात पेढ्यांचे दोन डबे आहेत. एक तुमचा. दुसरा घेऊन खाली जा. झेंड्याचा विषय काढू नकोस. तंबोऱ्याचा भोपळा किती वर्षं वाळवावा लागतो, एवढं विचार, आणि बस थोडा वेळ.

बाळाला पापा. तुझ्या बाबाला हे पत्र वाचायला दे. आडापाशीची गोष्ट त्याला आता कळायला हवी.

तुझी,
आत्या